कूलरची पाठ

कंपनीच्या फिटरला मी पहिल्यांदा घराबाहेर काढलं, तेव्हा त्याच्या हातात ड्रिल मशीन होतं आणि ते चालू होतं. बंटी त्याचं नाव. तिशीचा, यवतमाळहून मोटारसायकलवर आलेला, स्वभावानं गरीब. चूक एवढीच की किचन चिमणीच्या पाइपाला चार बाक द्यायचे असं त्यानं माझ्यासमोर ठरवलं.

मी उकंडा. दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये एकतीस वर्षं फिटर होतो. जिनिंगमध्ये कापूस माणसं उचलत नाहीत, हवा उचलते. ढिगाला पाइपाचं तोंड लावलं की कापूस सर्रकन आत ओढला जातो आणि पार पलीकडच्या मशीनवर जाऊन पडतो. ते पाइप माझ्या हातचे. कुठे एक बाक जास्त झाला, कुठे पाइप बारीक झाला, की कापूस तुंबलाच आणि मालक बोंबललाच. त्यामुळे मला हवा दिसते, असं मी चारचौघांत सांगतो. नलू, माझी बायको, म्हणते की मला हवाच तेवढी दिसते, बाकी काही दिसत नाही.

तर बंटीचा बेत असा होता. आमचा गॅस आतल्या भिंतीला, म्हणून चिमणी त्याच्यावर. तिथून पाइप निघणार, छताखालून जाणार, बैठकीला वळसा घालणार आणि रस्त्याच्या बाजूला बाहेर पडणार. सोळा फूट. त्यात पाइप घडीचा, बाजाच्या पेटीच्या भात्यासारखा.

"चिमणीचं तोंड कितीचं हाय?" मी विचारलं.

"सहा इंची, काका."

"अन् भितीले भोक?"

"चार इंची. मधात पाइप बारीक कराले रिड्युसर लावून देतो नं. सगळीकडे तसंच करून राह्यलो आपण."

"सगळीकडे?" माझं डोकं सणकलं. "तुह्या एका नाकपुडीत कापूस कोंबतो, अन् मंग तुले बसस्टँडपावतर पळाले लावतो. दम लागते का नाई ते सांग मले!"

बंटी गेला. नलूनं त्याला फाटकापाशी थांबवून चहा पाजला आणि माझ्या वतीनं माफी मागितली. हे काम ती पस्तीस वर्षं करत आली आहे. जाताना तो बिचारा घडीचा पाइप ठेवूनच गेला. "राहू द्या काकू, कामी येईन," म्हणाला. मी तो गच्चीवर फेकून दिला.

एवढा राग कशाला, असं कुणालाही वाटेल. पण ती चिमणी काही शोभेला आलेली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी, चौदा एप्रिलला, नलू आमच्या सैपाकखोलीत कोसळली. जयंतीचा दिवस. सकाळची मिरवणूक आटोपून घरी पंधरा-वीस माणसं जेवायला असतात, ही आमच्या घरची जुनी रीत, आणि जेवायला नलूच्या हातची पातोडीची रस्साभाजी, ही त्याहून जुनी. बेसनाच्या वड्या, लाल मिरची, कांदा-खोबरं भाजून केलेला मसाला आणि वर बोटभर तर्री. त्या मसाल्याच्या धुरात तिला दम्याचा झटका आला. ओठ निळे पडले होते. चार दिवस यवतमाळला दवाखान्यात काढले. डॉक्टरांनी सांगितलं, धूर बंद.

माझा मुलगा रवी बाजार समितीत कारकून आहे आणि सून प्रियंका नर्स. दोघांनी मिळून घरात कायदा केला: गॅस पेटला की आईनं सैपाकखोलीच्या बाहेर. कायदा चुकीचा नव्हता. प्रियंका ड्यूटी सांभाळून सकाळ-संध्याकाळ रांधायची, मनापासून रांधायची, आणि नलू बैठकीत खुर्चीवर लसूण सोलत बसायची. पूर्वी भाजी झाली की आतून आरोळी यायची, "बसले काय? ताटं घ्या!" त्या आवाजानं शेजारची माणसंसुद्धा जेवायला उठत असतील. दोन वर्षं तो आवाज घरात नव्हता. प्रियंका दारात येऊन हळूच म्हणायची, "जेवायला या मामाजी." छान म्हणायची. पण मला भूक लागायची नाही.

एकदा नलूला मी पाणी मागितलं तर ती म्हणाली, "प्रियंकाले मांगा. मी आता पाव्हणीच नं इथली." हसत म्हणाली. मला ते हसणं अजिबात आवडलं नाही.

म्हणून या फेब्रुवारीत रवी-प्रियंकानं चिमणी आणली तेव्हा नलूनं लगेच विचारलं, "मंग यंदा जयंतीची भाजी मी करू?"

रवीनं तिच्याकडे पाहिलं. आईचे निळे ओठ त्यानंच पाहिले होते, गाडीत मांडीवर डोकं घेऊन. तो म्हणाला, "एक शर्त. त्या दिवशी एक खोकला आला, एक, तं पुन्हा कधी हट्ट नाई करायचा. चिमणी मंग प्रियंकाची."

"कबूल," नलू म्हणाली.

आता कळलं, मी बंटीवर का उखडलो ते? माझ्या बायकोची सैपाकखोली त्या पाइपात अडकली होती. तिथे चार बाक घालू द्यायचे?

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागलो. निवृत्तीनंतर इतका आनंद मला कशातच झाला नव्हता. जिनिंगच्या अंगणातून मूठभर रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, आणली, तिचे चिमूट-चिमूट पुंजके दोऱ्याला बांधले आणि सैपाकखोलीत जागोजागी लटकवले. गॅसची टाकी बंद, दारं बंद, मग एक-एक दार उघडून पाहायचं, कुठला पुंजका कुठे हलतो. दार उघडलं की हवा कुठून येते, कुठे घुटमळते, कुठून निसटते, सगळं डोळ्यांनी दिसतं. प्रियंका ड्यूटीवरून आली आणि दारातच उभी राहिली.

"मामाजी, हे काय करून राह्यले?"

"हवा पाहून राह्यलो. टेप धर तिकडून."

पोरगी गुणाची. पर्स न ठेवताच टेप धरून उभी राहिली. आम्ही भिंती मोजल्या, कागदावर नकाशा काढला, खोडला, परत काढला. आतल्या भिंतीपासून कसंही न्या, पाइप लांबच व्हायचा. नऊ फूट, अकरा फूट. दोन बाक, तीन बाक. मी वैतागून पेन्सिल फेकली. नलू उंबऱ्याबाहेर लसूण सोलत होती. तिथूनच म्हणाली, "पाइप कायले इतका फिरवता? गॅसच सरकवा नं भितीकडे."

मी तिच्याकडे पाहिलं, प्रियंकानं माझ्याकडे पाहिलं. कडप्प्याचा ओटा कोपऱ्यातून वळून पश्चिमेच्या भिंतीला लागलेलाच होता. तिकडे डबे ठेवलेले. पस्तीस वर्षं डबेच ठेवलेले! ती भिंत बाहेरची, पलीकडे बोळ. गॅस तिथे नेला की चिमणी भिंतीलाच टेकली, वर एक बाक, मग दीड फूट सरळ पाइप आणि संपलं. मी एकतीस वर्षांचा फिटर, आणि बेत सुचला लसूण सोलणाऱ्या बाईला. मी तिच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि राहिलेला लसूण स्वतः सोलला. एवढं तरी करायलाच हवं होतं.

पुढचं सगळं मात्र माझं. सहा इंचाचा पाइप जस्ती पत्र्याचा, आतून गुळगुळीत, माझ्या हातानं वळवलेला. सांध्याची तोंडं वाऱ्याच्या दिशेनं, म्हणजे तेल अडकत नाही. बाहेरच्या बाजूला किंचित उतार, म्हणजे पावसाचं पाणी उलटं येत नाही. तोंडाला पत्र्याची पापणी, पंखा बंद झाला की आपोआप मिटणारी. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट: जितकी हवा बाहेर ओढायची तितकी आत यायला नको का? म्हणून फोडणीच्या वेळी मागचं अंगणाचं दार उघडं ठेवायचं. नलूच्या पाठीमागून ताजी हवा येणार, धूर समोर, वर, बाहेर. बैठकीकडचं दार मात्र घट्ट बंद. ते का? तर उन्हाळ्यात बैठकीत कूलर असतो. त्याचा झोत आत शिरला की धूर चिमणीखालून उडवून देईल. इतका बारीक विचार मी केला होता, आणि तो घरादाराला तीन-तीनदा समजावून सांगितला होता.

बंटीला परत बोलावलं. मी त्याला माझा नकाशा दाखवला. त्यानं मुकाट्यानं पेन्सिलनं सहा इंचाचं वर्तुळ काढलं, त्याच्या कडेनं बारीक-बारीक भोकं पाडली आणि छिन्नीनं मधला तुकडा असा सुबक काढला की मी मनातल्या मनात त्याला जिनिंगात नोकरी दिली. मग तो बोळात गेला, बाहेरून पाइपाचं तोंड पाहू लागला. बाजूलाच लोखंडी स्टँड होता, त्यावर नलूची गवती चहाची कुंडी.

"काका, पन हा स्टँड..."

"स्टँड काय तुह्या डोक्यावर पडला? पापणी बसव सरळ!"

त्यानं पापणी बसवली. सरळ बसवली.

त्याच दुपारी परीक्षा घेतली. नलू दोन वर्षांनी पेटत्या गॅससमोर उभी राहिली. पदर खोचला, तवा ठेवला, तेल सोडलं आणि माझ्याकडे पाहिलं. प्रियंका हातात दम्याचा पंप घेऊन शेजारी. रवी दारात. मी चिमणीचं बटण दाबलं. दोऱ्याच्या टोकाचा रुईचा पुंजका मी चिमणीच्या कडेला धरला, तो ताडकन वर ओढला गेला आणि मी ओरडलो, "टाक!"

पाच लाल मिरच्या तव्यावर पडल्या. चर्र झालं. धूर उठला, वाकला आणि चिमणीत गेला. नुसता गेला! एक वेटोळं इकडेतिकडे नाही. मी बोळात धावलो. पापणी टक्क उघडी आणि आतून मिरचीचा असा झणझणीत झोत की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मी खोकत-खोकत आत आलो तर नलू तव्यावर वाकून मिरच्या उलटत होती.

"खोकला?" मी विचारलं.

"तुमालेच हाय," ती म्हणाली.

मी प्रियंकाच्या हातातला पंप घेऊन खिशात टाकला आणि सैपाकखोलीत नाचलो. बासष्टाव्या वर्षी. रवीनं मोबाइलवर ते चित्रण केलं आहे आणि तो ते कुणालाही दाखवतो.

मग एप्रिल आला. दहा तारखेला रवीनं गच्चीवरून कूलर उतरवला, नवी वाळ्याची जाळी लावली, गवती चहाची कुंडी खाली ठेवली आणि कूलर दरवर्षीप्रमाणे बैठकीच्या खिडकीला, त्याच्या नेहमीच्या स्टँडवर चढवला. मी पाण्याची नळी धरून उभा होतो. त्या बोळात. डोळे उघडे होते माझे.

चौदा तारखेला सकाळी मिरवणुकीत ऊन मी म्हणत होतं. साडेबाराला सगळे घरी आले, पांढऱ्या कपड्यांत, घामानं निथळत. जय भीम, जय भीम करत बैठक भरली. माझी मोठी बहीण विमलताई बोरी अरबहून सकाळच्या गाडीनं आलेली. तिला जिभेला हाड नाही आणि तिची सगळ्यांत चांगली जागा म्हणजे कूलरसमोरची. ती तिथे बसली आणि म्हणाली, "मागच्या वर्षी प्रियंकाच्या हातचं खाल्लं, चांगलंच होतं. पन आज मी भाजी खाले आली, नुसती जयंतीले नाई."

आत नलू एकटी. तिनं प्रियंकालाही बाहेर पाठवलं होतं. बैठकीकडचं दार बंद, अंगणाचं उघडं, माझ्या नियमाप्रमाणे सगळं. रवी त्या बंद दाराला पाठ लावून उभा होता, कान आत. मी त्याच्याकडे पाहून मिशीला पीळ दिला.

आतून चर्र ऐकू आलं. मसाला पडला.

पहिली विमलताई खोकली. मला वाटलं, सुपारी अडकली. मग तिच्या शेजारचा खोकला. मग तिसरा, चौथा, आणि मग एकदम सगळी बैठक. माणसं पदर, रुमाल, टोप्या तोंडावर धरून उठली. कुणी दाराकडे धावलं, कुणी खिडकी उघडायला गेलं आणि खिडकीतूनच तर येत होतं! कूलर आपल्या भरदार पंख्यानं थंडगार, ओला, मिरचीचा ठसका बैठकीवर ओतत होता.

"आई!" रवी किंचाळला. बाहेर हे, तर आत काय झालं असेल! त्यानं दार ढकललं आणि आत घुसला, मागोमाग प्रियंका, मागोमाग मी, तिघंही खोकत, डोळे पुसत.

नलू चिमणीखाली उभी होती. कपाळावर घामाचा थेंब नाही. मागून अंगणातली झुळूक येत होती, पदर हलत होता. कढईत पळी फिरवत तिनं आमच्याकडे पाहिलं.

"काय झालं वं माय तुमाले?"

रवी तिच्याजवळ गेला. त्यानं नुसतं तिच्या ओठांकडे पाहिलं, हात धरला, परत ओठांकडे पाहिलं. आणि मला, ठसका लागलेल्या त्या अवस्थेत, बंटीचं अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण ऐकू आलं. काका, पण हा स्टँड कूलरचा आहे ना? मग कूलर पाठीमागून हवा ओढेल ती कुठली? माझ्या पाइपाच्या तोंडापासून चार फुटांवर कूलरची पाठ. मी कूलरचं तोंड ध्यानात ठेवून दार बंद करवलं होतं, घरादाराला भाषणं दिली होती, आणि पाठ विसरलो होतो. इथे घरोघरी उन्हाळाभर कूलर असतो, पण फेब्रुवारीत त्याच्या जागी कुंडी असते. अन् ज्या माणसानं ते पाहिलं, त्याचं मी तोंड बंद केलं होतं.

"चूक माही हाय," मी म्हणालो. हे वाक्य मी फार वेळा म्हटलेलं नाही, त्यामुळे ते नीट निघालंही नाही.

रवी सावरला. "आई, बंद कर गॅस. झालं ते झालं. शर्त..."

"शर्त माह्या खोकल्याची होती," नलू म्हणाली. "तुमच्या नाई."

दारात विमलताई येऊन उभी राहिली होती. डोळे लालभडक, नाक पदरानं पुसत. तिनं एकदा नलूकडे पाहिलं, एकदा चिमणीकडे. मला वाटलं, आता माझी धिंड निघते. पण ती हळू आवाजात बोलली.

"नलू, तू पस्तीस वर्षं हे असं एकटी खोकलत होती आतमदी? अन् आमी बाहीर बसून म्हनो, किती वेळ लागते वं भाजीले."

नलूनं पळी कढईच्या काठावर आपटली. मला मालकाचे पाइप आठवले. त्याचा मूठभर कापूस तुंबू नये म्हणून मी रात्रपाळ्या केल्या होत्या, बोटं कापून घेतली होती. घरी येऊन ताटावर बसलो की आतून खोकला ऐकू यायचा, आणि मी म्हणायचो, नलू, दार लोटून घे, ठसका येतो. दार लोटून घे, म्हणायचो मी. मला त्या क्षणी स्वतःची इतकी शरम वाटली की तिथे उभं राहवेना.

मी गच्चीवर धावलो. ऊन डोक्यावर, अंगात जयंतीचा पांढरा झब्बा. कोपऱ्यात बंटीचा घडीचा पाइप पडलेला होता, फेकला तसाच. सहा इंचीच, ताणला तर सोळा फूट, पुरून उरणारा. बोळात उतरून पापणी काढली, पाइपाच्या तोंडाला तो चढवला, तारेनं आवळला, मग परत वर जाऊन तो ताठ ओढून गच्चीच्या कठड्याच्याही वर नेला आणि पाण्याच्या टाकीच्या पायाला बांधला. वर एक बाक वाढला, मान्य. पण धूर आता वरच्या वर. खाली रवी बोळात उभा राहून पाइप सरळ धरत होता, "बाबा, अजून ताना, अजून!" म्हणून ओरडत होता. झब्ब्याचं पोतेरं झालं. उद्याच पत्र्याचा पक्का पाइप वळवीन आणि माफी मागायला बंटीला फोन करीन, असं ठरवूनच मी खाली उतरलो.

बैठकीत सगळे परत बसले होते, पण खिडकीकडे संशयानं पाहत. मी कूलरचं बटण दाबलं. पंखा फिरला. विमलताईनं नाकाला पदर लावला.

आतून दुसऱ्यांदा चर्र झालं. ही तर्रीची फोडणी, सगळ्यांत कडक.

आम्ही श्वास रोखून बसलो. वीस माणसं, आणि फक्त कूलरचा आवाज. विमलताईनं पदर थोडा खाली केला, नाकपुड्या फुगवून वास घेतला. वाळ्याचा वास. ओला, थंड, नुसता वाळ्याचा. ती माझ्याकडे पाहून मान हलवायला लागली आणि मला हसू फुटतंय की रडू, ते कळेना.

तेवढ्यात आतून आरोळी आली. दोन वर्षांनी. जशीच्या तशी, खणखणीत, एका दमात.

"बसले काय? ताटं घ्या!"

सगळ्यांत आधी रवी उठला.